खोक्याचं झाड आणि उसातली वाघाटी

सोलापूर

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. एसटीनं ती भिंगरी पगारावर ठेवून घेतली, एवढंच. सगळी नोकरी मी कंडक्टर म्हणून उभ्यानं केली, चालत्या गाडीत, एका हातानं दांडी धरून. निवृत्त झाले तेव्हा जो तो सांगायला लागला, "नंदाताई, आता बसा निवांत." मी बसून बघितलं. आठवड्याच्या आत स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या घासून झाल्या, शेजारणींची भांडणं लावून झाली, मिटवूनही झाली, आणि संध्याकाळ झाली की मी काही काम नसताना स्टँडवर जाऊन कुठली गाडी उशिरा लागली ते बघून यायला लागले.

त्यामुळे आमच्या पेठेतल्या बायकांची हिमाचलची सहल निघाली, तेव्हा पहिलं नाव माझं होतं. सहलीचं सगळं सांगत बसत नाही. बर्फ पाहिला, तोल जाऊन पडलेही. जिच्या घरी आम्ही उतरलो होतो ती बाई राजमा-भात वाढायची, आणि आम्ही त्यावर शेंगाची चटणी भुरभुरायचो. पहिल्या दिवशी ती हसली, तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःची वाटी पुढे केली. सोलापूरची माणसं कुठेही गेली तरी चटणीच्या जोरावर नातं जोडतात.

सांगायचं आहे ते झाडाबद्दल. तिच्या घरामागे देवीचं लाकडी देऊळ होतं आणि देवळामागे देवदार. मान मागे टाकून शेंडा बघायला गेले तर डोक्यावरची टोपी खाली पडली. बुंध्याला हात लावला तर चिकट, आणि वास असा की कपाटात जपून ठेवलेल्या लुगड्यांची आठवण यावी. ती बाई म्हणाली, तिच्या आजोबांच्या आजोबांनीही हे झाड एवढंच पाहिलं होतं, आणि देवीचं म्हणून त्याला कोणी कुऱ्हाड लावत नाही. मी त्याला पाठ टेकून खाली बसले. आणि नवल म्हणजे, बसून राहिले. सोबतच्या बायका चहाला हाका मारून दमल्या, तरी मला उठावंसं वाटेना. जन्मात पहिल्यांदा माझे पाय गप्प होते.

माणूस जे आवडतं ते घरी आणायला बघतो, मीही तेच केलं. खालच्या गावातल्या रोपवाटिकेतून काळ्या पिशवीतलं वीतभर देवदाराचं रोप घेतलं आणि मांडीवर घेऊन दिल्लीमार्गे सोलापूरला आणलं. गच्चीवर ठेवलं तर डिसेंबरच्या उन्हानंही ते दुपारी मान टाकायला लागलं. मग आठवली अक्का, माझी थोरली बहीण. श्रीपूरजवळ उसाच्या रानात तिची वस्ती आहे, विहिरीकाठी आंब्याची गार सावली आहे. पिशवी उचलली आणि सकाळची पंढरपूर गाडी धरली.

गाडीत

प्रवासी म्हणून गाडीत बसायची सवय मला अजून झालेली नाही. कोणी दारात उभं राहिलं की तोंडातून "आत सरका" निघून जातं. त्या दिवशी मात्र दोन्ही हात रोपाला लागलेले होते. शेजारी एक फेटेवाले आजोबा होते. त्यांनी मोहोळपर्यंत कळ काढली, मग विचारलंच.

"कसलं रोप म्हनायचं हे?"

"देवदार."

"देवदार? म्हंजी खोक्याचं?"

"खोक्याचं नाही हो आजोबा. डोंगरातलं मोठं झाड असतं."

"आसंल की. पर लाकूड खोक्याचंच. आमच्या हितं सफरचंदं यायची त्या फळ्या देवदारीच. खिळा मारला की चिरती." त्यांनी सुईसारख्या पानांना बोट लावून बघितलं. "आन हे आमच्या उन्हात लावणार तुमी?"

"बघू या लावून."

"बघा. शिकल्यासवरल्या दिसताय," ते म्हणाले, आणि मागच्या बाकावरची बाई फिसकन हसली.

आजोबांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे देवदार म्हटलं की खोकंच डोळ्यांपुढे येतं. देवळामागे उभा असलेला तो उंच पुरुष आपण कधी पाहिलेलाच नसतो. पंढरपूरला गाडी बदलली आणि पुढच्या गाडीत मी कोणी विचारायच्या आधीच "शोभेचं झाड आहे" असं सांगून मोकळी झाले.

अक्काची वस्ती

श्रीपूर जवळ आलं की नाकाला कळतं. गळीत हंगाम चालू असला की मळीचा गोडसर, आंबूस वास हवेला चिकटून असतो. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, ट्रॅक्टरवर कर्ण्यातून चाललेली गाणी, आणि डांबरावर चिरडलेला ऊस. फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत गेले.

अक्का अंगणात तूर निवडत होती. मला बघून उठली नाही. "चारच्या गाडीनं माघारी जाणार असशील तर च्याच ठेवते," म्हणाली. "भाकरी टाकायची का न्हाय ते आधी सांग."

"मुक्कामाला आलेय."

"बघू की किती दम निघतोय ते."

अक्काचं हे असंच. लग्न होऊन ती या वस्तीवर आली आणि इथंच राहिली. दाजी गेले, पोरगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागून सोलापुरात राहायला आला, तरी ही इथून हलत नाही. सोलापूरला आली तरी दुसऱ्या दिवशी "गुरं वाट बघत असतील" म्हणून परत. देवदाराचं रोप तिनं हातात घेऊन फिरवलं, हुंगलं, आणि जास्त न बोलता आंब्याच्या बुडाशी खड्डा काढला. वर गोणपाटाची सावली बांधली. "मरंल," ती म्हणाली, "पर पानी घालीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या रानात ऊसतोड चालू होती. बीडकडची टोळी होती. रानाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या होत्या आणि तोड उजाडायच्या आधीच लागली होती. मी चुलीपाशी शेकत दुसरा चहा घेत होते, तेवढ्यात फडातून बायकांचा कालवा ऐकू आला.

"बिबट्या! बिबट्याची पिल्लं!"

कोयते टाकून सगळी माणसं बांधावर येऊन थांबली. मुकादम म्हणजे टोळीचा कारभारी. तो ट्रॅक्टरवर चढून उभा होता आणि तिथून सगळ्यांना धीर देत होता. "आई जवळच आसंल, कुनी आत जाऊ नगा," असं तो ओरडत होता. मी आणि अक्का धावत गेलो. पाचटाच्या ढिगाशेजारी एक तरुण बाई मात्र खाली बसली होती, आणि तिच्या ओट्यात दोन पिल्लं होती. मुठीएवढी, राखाडी, अंगावर काळपट ठिपके. एकाचे डोळे पुरते उघडलेले, दुसऱ्याचे किलकिले.

ती सारिका. पाटोद्याकडची, बाविशीतेविशीतली असेल. नवऱ्याबरोबर तोडीला आली होती. माणसं पळाली तेव्हा हिनं पिल्लं उचलली. त्यातलं जास्त लहान होतं ते तिनं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं होतं, कपाळाला काजळाची तीट लावली होती आणि कानामागेही एक ठिपका दिला होता.

"ही काय गं?" अक्का म्हणाली.

"दिष्ट लागंल म्हनून लावली," सारिका म्हणाली. "लई बारीक हाय वो. सगळी बघायला लागली त्याला."

मला हसू आलं. बिबट्याला दृष्ट लागेल म्हणून तीट! पण हसता हसता मी तिच्या हातांकडे पाहिलं. एका तळव्यात पिल्लाची मान आणि दुसऱ्यात पाठ, असं तिनं धरलं होतं. ते धरणं सरावाचं होतं.

"तुला मूल आहे का गं?" मी विचारलं.

"हाय की. आरोही. दीड वर्साची." ती पिल्लाकडेच बघत होती. "सासूपाशी ठिवलीय गावाकडं. हितं थंडीत कोपीत कुटं आणायची? ही काजळाची डबी तिचीच. निगायच्या गडबडीत माज्या गठुड्यात आली."

अक्कानं वनखात्याला फोन लावला. गार्डबाई दुपारी मोटारसायकलवर आल्या. खाकी कपडे, डोक्याला रुमाल, वयानं माझ्या भाचीएवढ्या. पिल्लं बघताच त्यांनी सुस्कारा टाकला. "बिबट्या नाही," त्या म्हणाल्या, "वाघाटी आहे."

"वाघाटी म्हंजी भाजी की," अक्का म्हणाली. "आषाढात करत्यात ती."

"हे मांजर आहे मावशी. मोठी झाली तरी आपल्या घरच्या मांजरीपेक्षा लहानच राहते. जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक. तुमच्या उसातले उंदीर खाते."

ट्रॅक्टरवरून मुकादम खाली उतरला. वाघाला भ्यालेला माणूस आता मांजरासारखा लाजून मिशा पुसत होता.

गार्डबाईंनी सांगितलं ते असं. पिल्लांना कुठंही न्यायचं नाही. नेली की ती मरतात किंवा पिंजऱ्यात जन्म काढतात. अंधार पडताना त्यांना सापडली त्याच जागी ठेवायचं, माणसांनी लांब जायचं, आई येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. तेवढ्या जागेभोवतीचा ऊस तोपर्यंत उभा ठेवायचा. अक्का म्हणाली, "ठिवा. तोड दुसऱ्या टोकानं करा." मुकादम कुरकुरला पण कबूल झाला.

"हात लावला तर चालतं ना?" मी विचारलं.

"हाताच्या वासानं सहसा काही होत नाही." मग त्यांना तीट दिसली. त्यांनी पिल्लू नाकाशी नेलं. "काजळ कशाचं आहे हे?"

"घरचं. एरंडेल आन कापराचं," सारिका म्हणाली.

कापूर फार उग्र, गार्डबाई म्हणाल्या. रानात नसलेला वास. पुसून काढा, पण चोळू नका. सारिकानं पदराचं टोक भिजवून पुसलं. थोडं गेलं, बाकीचं केसांत फासलं. तिचा चेहरा उतरला. "मग आई नाय घेणार का वो त्याला?"

"घेईल बहुतेक," गार्डबाई म्हणाल्या.

त्या "बहुतेक"चा सारिकानं काय अर्थ घेतला हे मला दिसत होतं. पिल्लं आम्ही घरात नेऊन ठेवली, आणि उरलेला दिवस ती मोळ्या बांधताना दर थोड्या वेळानं मान वळवून आमच्या घराकडे बघत होती.

पहिली संध्याकाळ

पिल्लं ठेवायला काहीतरी हवं होतं, आईला आत शिरता येईल पण पिल्लांना बाहेर रांगता येणार नाही असं. अक्काच्या गोठ्यात कोंबडी बसवायचं जुनं फळ्यांचं खोकं होतं. गार्डबाईंनी त्याची एक बाजू अर्धी उचकटून काढली, आत पाचट घातलं. मी ते खोकं हुंगलं. सवयच लागली होती. वर्षानुवर्षं कोंबड्या बसूनही लाकडाचा वास पुरता गेला नव्हता. फळी देवदाराची होती की डोंगरातल्या दुसऱ्या कुठल्या झाडाची, देव जाणे. पण मी ज्याला पाठ टेकून बसले होते तोच देवदार इथं उभा चिरून, खिळे मारून आणलेला भेटला, असं मला उगाच वाटलं.

खोकं पाचटाच्या ढिगापाशी ठेवलं. आम्ही बांधापलीकडे, रिकाम्या ट्रॉलीच्या आडोशाला बसलो. गार्डबाई, अक्का, सारिका आणि मी. गार्डबाईंनी एकच गोष्ट बजावली, हलायचं नाही.

आता हे मला सांगणं म्हणजे म्हशीला उडायला सांगणं. मी पहिल्यांदा पाय बदलला. मग पदर सावरला. मग वाटलं डास चावला. ऊस सळसळत होता, दिवस मावळला होता, लांब कारखान्याचे दिवे लागले होते, आणि माझ्या पोटऱ्यांत मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं. अक्कानं मला चिमटा काढला. खोक्यातून पिल्लांचा बारीक आवाज येत होता. आणि मग उसाच्या कडेला, जमिनीलगत, दोन ठिणग्या दिसल्या. डोळे.

मला नीट दिसेना म्हणून मी उठले. फक्त अर्धी उठले, खरं सांगते. पण पायाशी अक्काची पाण्याची कळशी होती, ती आडवी झाली आणि ट्रॉलीच्या चाकावर जाऊन खणखणली. ठिणग्या विझल्या. आम्ही कितीतरी वेळ बसलो, मीसुद्धा. ती परत आली नाही.

गार्डबाईंनी पिल्लं उचलून कापडात गुंडाळली. रात्री कुत्री येतात, ठेवता येणार नाही, म्हणाल्या. अक्का मला म्हणाली, "नंदे, तुझ्या बुडाला काय काटं हायती का?" मला सगळ्यांत लागलं ते मात्र सारिकाचं वागणं. पिल्लांना थेंबथेंब दूध पाजताना तिनं तीट असलेलं पिल्लू आपल्या हातात घेतलं नाही. तिनं ते अक्काकडे दिलं.

दुपारी, हुरड्याच्या आगटीपाशी

दुसरा दिवस मला खायला उठला. पिल्लं सुस्त झाली होती. गार्डबाई म्हणाल्या, आज आई आली नाही तर पुण्याला, वन्यप्राण्यांच्या केंद्रात न्यावी लागतील. मी रोपाला पाणी घातलं, अंगण झाडलं, परत रोपाला पाणी घातलं, तेव्हा अक्कानं तांब्या काढून घेतला. "कुजवशील त्याला. बस हितं."

शेजारच्या रानात ज्वारी हुरड्यात आली होती. आगटी पेटवून अक्का कणसं भाजत होती. टोळीची जेवणाची सुट्टी होती म्हणून सारिकाही आली. गरम हुरडा, दही आणि लसणाची चटणी. हिमाचलात थंडीत सिड्डू, म्हणजे सारण भरलेले कणकेचे उंडे, वाफवतात आणि वर तूप ओततात, ते मी त्यांना सांगितलं. मग ओघानं देवदाराचंही सांगितलं. तो किती उंच असतो, किती पिढ्या बघतो, त्याची फळं फांदीवर ताठ उभी राहतात आणि तिथंच सुटी होऊन पंखवाल्या बिया वाऱ्यावर जातात. मला वाटलं माणसानं असावं तर असं, एका जागी. वादळ आलं, बर्फ आलं, तरी उभं. नाहीतर ही वाघाटी. आज या फडात, उद्या त्या. कोणाला दिसत नाही, कोणाला ठाऊक नाही, आणि आयुष्य तरी किती, चार दिवसांचं.

"आसं बघ," अक्का म्हणाली. "झाडाचं बरं हाय. बी वाऱ्यावर सोडायचं न् आपन उभं ऱ्हायचं. कुटं पडलं, जगलं का मेलं, बघायला जायचं न्हाय."

"पण टिकतं ना शेकडो वर्षं?"

"टिकायला काय लागतं ते मला इचार की. तू काय एक दुपार बसलीस त्याच्या बुडाला." तिनं कणीस हातावर चोळलं. "मला बी वाटतं कवा कवा उठून जावं. पर कुनाला सांगू? गुरास्नी?"

अक्काच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले, तर ती हुरडा फुंकायला लागली.

सारिका हळूच म्हणाली, "आन ती हिंडती म्हनून नावं ठिवताय व्हय ताई? हिंडल्याबिगर तिच्या अंगात दूध कुटनं येईल? पोरांसाटीच हिंडती की ती."

माझ्या ध्यानात आलं की आपण झाड आणि वाघाटी, दोघांचंही ऐकीव नाव घेऊन बसलो होतो. ज्याच्यापुढे मान वाकडी होते त्या झाडाला आम्ही खोक्यावर आणून ठेवलं, आणि ओंजळीत मावेल एवढ्या मांजरीला बिबट्यावर नेऊन ठेवलं. एक आमच्या गावात कधी उगवलं नाही तरी नाव घरोघरी. दुसरी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच उसात राहते आणि तिचं नाव भाजीला दिलेलं. मी इतकी हिंडले, पण अक्काच्या बांधापलीकडे कोण राहतं हे मला माहीत नव्हतं.

"आरोही फोनवर बोलते का?" मी विचारलं.

"सुरवातीला बघायची. आता व्हिडिओ लावला की तोंड फिरवती. सासूच्या खांद्यात घालती." सारिकानं हातातलं कणीस तसंच खाली ठेवलं. "लहान हाय. इसरनारच की."

दुसरी संध्याकाळ

गार्डबाई मला घरीच ठेवणार होत्या. मी देवाची शपथ घेतली. अक्काचा माझ्या शपथेवर विश्वास नव्हता. तिनं माझ्या पदराचं टोक स्वतःच्या पदराला बांधलं, लग्नात बांधतात तशी पक्की गाठ मारली आणि म्हणाली, "आता ऊठ कशी उठतीस ती."

पुन्हा ट्रॉलीचा आडोसा. या वेळी गार्डबाईंनी दुर्बीण आणली होती आणि ती माझ्या हातात दिली, बहुधा हातांना काम असलं की पाय शांत राहतील म्हणून. चंद्र वर आला होता. खोक्याची पांढरट फळी स्वच्छ दिसत होती. सारिका माझ्या डाव्या बाजूला. तिला दुर्बीण डोळ्यांना लावून दिली तर म्हणाली, "नगं, माजं काळीज धडधडतंय. तुमीच सांगा."

ती आली. इतकी लहान की आधी मला घूसच वाटली. मग मान वळली, कपाळावरच्या पांढऱ्या रेघा दिसल्या. पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी. ती खोक्याभोवती एक फेरी मारून आली. आत शिरली.

"काय करतीय?" सारिका कुजबुजली.

"हुंगतेय. एकाला उचललं."

"कंच्या?"

मी उत्तर द्यायच्या आधी ती उसात गेली होती, तोंडात लोंबणारं पिल्लू घेऊन. "बिनतिटीच्या," मी म्हणाले. सारिकानं माझं मनगट धरलं.

मग वाट बघणं. माझ्या पायांत पुन्हा ते चालू झालं, मुंग्या, कळा, सगळं. एकदा अंग आपोआप पुढे गेलं आणि अक्काच्या गाठीनं मला मागे ओढलं. वाघाटी परत आली. खोक्यात शिरली. तिनं मागे राहिलेल्या पिल्लाला तोंड लावलं, मान झटकली, शिंकल्यासारखं केलं आणि बाहेर आली. रिकाम्या तोंडानं. उसात गेली.

"काय झालं? ताई, काय झालं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "गेली. एकटीच गेली," मी म्हणाले.

माझ्या मनगटावरची सारिकाची पकड सुटली. ती रडली नाही. "माज्यामुळंच झालं," एवढंच तिनं म्हटलं, कोरड्या आवाजात, जसं काही हे तिला आधीपासून माहीत होतं. गार्डबाई घड्याळ बघायला लागल्या. थंडी वाजत होती. खोक्यातून एकट्या पिल्लाचा आवाज येत राहिला, मग तोही बारीक झाला. माझं सगळं अंग म्हणत होतं ऊठ, धाव, उचल त्याला. मी दुर्बीण डोळ्यांत रुतवून बसून राहिले.

आणि ती आली. या वेळी फेरी नाही मारली. सरळ आत शिरली, पुढचा पाय पिल्लाच्या पाठीवर ठेवला आणि चाटायला लागली.

"आली! चाटतेय, सारिका! कपाळ चाटतेय."

"काजळ?"

"काजळच. थुंकतेय आणि परत चाटतेय. कानामागे. पिल्लू ओरडतंय. सोडत नाहीये ती."

किती वेळ चाटलं तिनं, मला सांगता येणार नाही. कापराचा वास तिच्या जिभेला काय झोंबला असेल. मग तिनं पिल्लाची मान तोंडात धरली, दोनदा पकड सुधारली आणि उसात नाहीशी झाली. "नेलं," मी म्हणाले. अक्का नाक पुसत होती. गार्डबाईंनी "वा!" म्हणून मांडीवर थाप मारली.

सारिका रिकाम्या खोक्याकडे बघत होती. "तिला माघारी येता आलं," ती म्हणाली. "मला उन्हाळ्यापतूर न्हाय जाता येत. तवर माजी मला वळकंल का वो?"

मुकादम

मला रात्री झोप आली नाही. सकाळी उठले ती तडक मुकादमाकडे गेले. तो दात घासत होता.

"सारिकाला दोन-तीन दिवस गावाला जाऊ द्या."

"बाई गेली की आर्दा कोयता गेला," तो म्हणाला. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत नेते. "तिच्या मोळ्या कोन बांधनार? तुमी?"

"हो, मी."

तो इतका हसला की त्याच्या तोंडातली राखुंडी उडाली. मागून अक्काचा आवाज आला, "त्यात हसायला काय झालं? फड माजा हाय. माजी बहीण बांधंल, मी बी बांधीन. दोघी मिळून एका पोरीएवढं तर हुईल की न्हाय?" अक्कानं कमरेला पदर खोचला होता. तिच्यापुढे मुकादमाचं काय चालणार? त्यानं हात जोडले.

सारिकाला मी स्वतः अकलूजच्या गाडीत बसवलं. पुढे टेंभुर्णी, करमाळा, जामखेड, मग पाटोदा. कुठं उतरायचं, कुठल्या फलाटाला उभं राहायचं, सगळं सांगितलं. कंडक्टर माझ्या ओळखीचा निघाला. "पोरीला नीट उतरव," म्हटलं, तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही चढत नाही?" जन्मात पहिल्यांदा मी गाडीला हात दाखवून खाली उभी राहिले.

मोळ्या बांधण्याचं वर्णन करणार नाही. उसाच्या पानांनी हात चिरले, मानेत घाम आणि उसाची कुसळं शिरली, आणि माझी बांधलेली मोळी डोक्यावर घेताच सुटायची. सारिकाचा नवरा भागवत अबोल माणूस. तो येऊन परत बांधायचा आणि "आसं पिळायचं" एवढंच म्हणायचा. अक्का माझ्या दुप्पट बांधायची आणि मला ऐकवायची. ज्या कोपऱ्यात वाघाटी शिरली होती तो ऊस गार्डबाईंच्या सांगण्यावरून शेवटी तोडला. आत काही नव्हतं. ती पिल्लं घेऊन पुढच्या रानात गेली होती.

सारिका परतली ती एका रिकाम्या ट्रॉलीवर बसून, ऊन कलल्यावर. उतरून सरळ फडात आली. पिशवी बांधावर ठेवली, डोक्याला फडकं बांधलं. मी धावत गेले. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"वळखलं का गं तिनं?"

तिनं माझ्या हातातली मोळी घेतली, माझी ढिली गाठ सोडली आणि पीळ घालून नव्यानं बांधली.

"पयल्या दिशी जवळच आली न्हाय. सासूच्या मागनं बघायची. दुसऱ्या दिशी खाऊ घेतला, पर मांडीवर बसली न्हाय."

"आणि मग?"

"निगाले तवा रडली," सारिका म्हणाली, आणि पुढच्या मोळीसाठी वाकली.